व्हिसाअण्णा

कळंबा रोडला आयटीआयच्या अलीकडं एक झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि सातबारा एवढंच लिहिलंय. दुकानाचा मुख्य धंदा पाटीवर नाही. त्यातून आजवर एक रुपया न मिळाल्यामुळं त्याला धंदा म्हणावं का, हा दुकानमालकाच्या घरातला जुना वाद आहे. मालक पोरांना परदेशी पाठवतात. म्हणजे पाठवत कुणालाच नाहीत. कुणी कुठं जावं ते सांगतात. त्यांचं खरं नाव लाइटबिलावर सापडेल. एरवी साळोखेनगरापासून रंकाळ्यापर्यंत सगळे त्यांना व्हिसाअण्णा म्हणतात.

अण्णा स्वतः विमानात बसलेले नाहीत. उजळाईवाडीचं विमानतळ त्यांनी कुंपणाबाहेरून बघितलंय. कुणाच्या तरी व्हिसाच्या अपॉइंटमेंटला सोबत म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, इथं त्यांचा प्रवास संपतो. पण "एडमंटनला थंडी लई हाय, तू आपला हॅलिफॅक्स बघ," हे ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गेल्या सुट्टीत पावण्यांकडं राहून आलेत.

असा माणूस हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतो. पंजाबात त्याचं काचेचं ऑफिस असतं आणि बाहेर विमानाचं चित्र असतं. आमच्याकडं तो अजून फुकट आहे, म्हणूनच त्याच्यावर कुणाचा पूर्ण विश्वास बसत नाही.

अण्णांच्या ज्ञानाचं मूळ झेरॉक्स मशिनमध्ये आहे. तलाठ्याला माणसाची जमीन कळते, डॉक्टरला साखर कळते. झेरॉक्सवाल्याला दोन्ही कळतात. पोरगं मार्कलिस्टच्या तीन प्रती काढायला येतं. मशिनचा हिरवा उजेड सरकतो तेवढ्या वेळात अण्णांनी दहावीचं गणित, बारावीची गॅप आणि जन्मतारीख वाचलेली असते. मग चष्मा कपाळावर चढतो आणि पहिला प्रश्न येतो, "खरी जन्मतारीख काय रं तुझी?"

कारण कागदावर एक जून असते. आमच्या भागात एक जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहून परदेशी अधिकाऱ्याला वाटत असावं, की त्या दिवशी पंचगंगेकाठी काहीतरी अद्भुत घडतं. घडलेलं एवढंच असतं, की आईनं पोराला शाळेत नेलं, गुरुजींनी "कधीचा?" विचारलं, आई म्हणाली "दिवाळीचा," आणि पोराला वयात बसवायला गुरुजींनी त्याला त्याच वर्षीच्या जूनमध्येच जन्माला घातलं. तेव्हा ते उपकार होते. आता कॅनडा २९ वर्षांपर्यंत वयाचे पूर्ण ११० पॉइंट देतो आणि तिशी लागली की दरसाल पाच-सहा कापतो. अण्णा बोटावर हिशेब करतात आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या त्या गुरुजींचा उद्धार करतात. "तुझं पाच म्हैनं खाल्लं बघ मास्तरनं. पाच म्हैन्यांत कॅनडाचे किती ड्रॉ निघत्यात, किती!"

जन्मतारखेनंतर स्पेलिंगचा नंबर. चौगुल्यांच्या पोराच्या दाखल्यावर 'ओ यू', आधारवर 'ए यू', पॅनकार्डावर चौगुले संपून चौगले झालेलं. अण्णा तिन्ही कागद शेजारी ठेवतात. "ह्यात तू कुठला?" पोरगं गोंधळतं. "आमच्या लेखी तू एकच हाईस रं. पण तिकडचा सायब म्हणणार, तिघं भाऊ दिसत्यात, तिघांचा वेगळा अर्ज करा."

खरी रंगत मात्र पॉइंटांची. अण्णांच्या काउंटरखाली रोजमेळाची एक लांब लाल वही आहे. तिच्यात भागातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाचं नाव आणि पुढं तीन रकाने आहेत: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी. कॅनडानं माणसं पॉइंटावर निवडायची रीत १९६७ साली काढली, हे अण्णा अशा आदरानं सांगतात की ऐकणाऱ्यानं नकळत पाय खाली घ्यावेत. आमच्याकडं पत्रिका जुळवतात तसलाच हा प्रकार. फक्त तिथं ३६ गुण असतात आणि अठरा जुळले तरी बुंदी पाडायला घेतात, इथं बाराशेपैकी पाचशे पडले तरी कॅनडावाले "कळवतो" म्हणतात.

पत्रिकेवरून आठवलं. अण्णांमुळं भागातली दोन-तीन लग्नं लांबली आहेत आणि त्या घरच्या बायका त्यांच्या दुकानात झेरॉक्सलाही जात नाहीत. दोष अण्णांचा नाही, ऑस्ट्रेलियाचा आहे. त्या देशाच्या तक्त्यात अविवाहिताला दहा पॉइंट आहेत. लग्न झालेल्यालाही दहा मिळतात, पण बायको हुनर असलेली, इंग्रजीची परीक्षा दिलेली आणि तिच्या कामाची रीतसर तपासणी झालेली पाहिजे. नुसतं चांगलं इंग्रजी असेल तर पाच. अण्णांनी हे एका इलेक्ट्रिशियनला सांगितलं, त्यानं घरी सांगितलं, आणि ठरत आलेली सोयरीक मोडली. त्याची आई दुकानासमोर येऊन म्हणाली, "अण्णा, माझ्या सुनंचं पॉइंट काढणारा तुमी कोण?" अण्णा शांतपणे म्हणाले, "वैनी, मी न्हाई काढलं. कॅनबेऱ्यानं काढलं." पुढं त्याच पोराला त्यांनी जर्मनीकडं वळवलं, कारण तिथं नोकरी शोधायला जायच्या संधी कार्डात नवरा-बायको दोघांनी अर्ज केला तर एक पॉइंट जास्त मिळतो. मग लग्न तातडीनं करायला सांगितलं. तोवर मुलीचं दुसरीकडं ठरलं होतं.

जर्मनी हे अण्णांच्या आयुष्यातलं उशिरा आलेलं प्रेम. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. नर्सपासून प्लंबरपर्यंत आणि गवंड्यापासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत माणसं हवीत, पहिल्या टप्प्यात दहा हजार. बातमी आली त्या दिवशी अण्णांनी दुकान दुपारी बंद करून मिसळ खाल्ली. राज्याचं नाव त्यांना आजही म्हणता येत नाही. ते "वाडीन-बर्ग" म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते कागलच्या पुढं कुठंतरी असल्यासारखं वाटतं. पण स्टुटगार्ट त्याच राज्यात, मर्सिडीज आणि बॉश तिथलेच, हे त्यांना पाठ आहे. त्यांचा युक्तिवाद बिनतोड असतो. "शिरोलीत ओतलेलं कास्टिंग जर्मनीला जातंय का न्हाई? जातंय. त्येला कुणी जन्मतारीख इचारली? त्येचं स्पेलिंग बघितलं? मग ओतणाऱ्यालाच का?"

एक जूनला संधी कार्ड सुरू झालं, २०२४ सालीच. तारीख ऐकून अण्णा म्हणाले, "बघा, जर्मनीचाबी मास्तर आमच्याच गावचा."

कार्डाला सहा पॉइंट लागतात. फिटर पोरगं, वय पस्तिशीच्या आत, दोन पॉइंट. मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव, दोन. जर्मन भाषा बी-वनपर्यंत, आणखी दोन. झाले सहा. ही बेरीज अण्णांनी इतक्यांना करून दाखवलीय की कळंब्याच्या टपरीवर चहाची ऑर्डरही "सहा पॉइंट" अशी जाते. पण वेल्डरचं दुःख त्यांना सहन होत नाही. आयटीआयचा फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा, वेल्डरचा एक. जर्मनीची अट किमान दोन वर्षांच्या शिक्षणाची. म्हणजे ज्यानं खरोखर जोडायचं काम शिकलं, तोच जोडला जात नाही. वेल्डिंगच्या पोरांना हे सांगताना अण्णांचा आवाज खाली येतो आणि झेरॉक्सचे पैसे घ्यायचे राहतात.

जर्मन शिकायला मग राजारामपुरीत वर्ग निघाले. तिथं लिंगांवरून घोळ झाला. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसक, प्रत्येकाला वेगळं शेपूट. पोरं घाबरली. अण्णा म्हणाले, "तो, ती, ते आपल्यातबी हायच की. इंग्रजांनी भ्यावं, आपण कशाला?" यावर नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, "अण्णा, मी परवा दोन तास बसलो, तरी काय डोक्यात शिरंना." अण्णा क्षणभर थांबले. ज्या गावात पोरी स्वतःच 'बसलो, आलो, गेलो' म्हणतात त्या गावाला दिव्याचं लिंग विचारणं जर्मनांना शोभत नाही, हे त्यांनी त्या दिवशी जाहीर केलं.

पैशाच्या गोष्टीवर अण्णा फार थांबत नाहीत, कारण तिथं माणसं उठून जातात. जर्मनीत बँकेत दरमहा हजारावर युरो असे वर्षाचे बांधून ठेवावे लागतात. आपल्याकडचे बारा लाखांच्या वर. कॅनडानं २०२४ च्या जानेवारीपासून विद्यार्थ्यांच्या खर्चाची रक्कम दहा हजार डॉलरवरून वीस हजार ६३५ वर नेली आणि त्याच महिन्यात परवान्यांवर मर्यादाही घातली. म्हणजे आधी अर्धा एकर ऊस पुरत होता, आता सगळं रान आणि म्हशी. अमेरिकेचं अण्णा बघतच नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात एच-वन-बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी लागली, तेव्हा पुण्यात आयटीत असलेली दोघं-तिघं तोंड उतरवून दुकानात आली. अण्णांनी लाल वहीत अमेरिकेचा रकानाच नसल्याचं दाखवलं. "लॉटरीवर चालणाऱ्या देशाला मी जुगार म्हणतो," एवढंच म्हणाले आणि सातबारा काढायला वळले.

आता त्यांचा चांगुलपणा सांगायला हवा, नाहीतर हे चित्र खोटं होईल. एजंटाच्या बाबतीत अण्णा वाघ आहेत. गुळगुळीत शर्ट घातलेला, दोन मोबाइलवाला माणूस "शंभर टक्के गॅरंटी" म्हणत आला की अण्णा पहिल्यांदा परवान्याचा नंबर मागतात. परदेशी नोकरीला माणूस पाठवायला १९८३ च्या कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्यालाही पोराकडून तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. हे वाक्य त्यांनी मोठ्या अक्षरात छापून, लॅमिनेट करून, गणपतीच्या फोटोखाली लावलंय. "थायलंडात डेटा एंट्री, पगार लाखभर, जेवण-राहणं फुकट," असं एका पदवीधर पोराला आलेलं पत्र त्यांनी झेरॉक्स करायचंच नाकारलं. अशाच पत्रांवर गेलेली कितीतरी हिंदुस्थानी पोरं म्यानमारच्या सीमेवर सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकली, परराष्ट्र खात्याला २०२२ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. पोरगं चिडून शेजारच्या दुकानात गेलं. अण्णांनी शेजारच्या दुकानाची वीज कशी गेली, हे कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं अण्णांना आलं कुठून? त्यांच्याच हुकलेल्या संधीतून.

अण्णा मूळचे टर्नर. १९९० मध्ये बावीस वर्षांचे होते. मुंबईच्या एजंटाकडं लेथवर ट्रेड टेस्ट दिली, पास झाले, कुवेतचा व्हिसा आला. एजंटाला द्यायला आईच्या पाटल्या गुजरीत गहाण पडल्या. तिकीट ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याचं. दोन ऑगस्टला सद्दाम कुवेतमध्ये शिरला. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास हिंदुस्थानी माणसं तिथून विमानांनी परत येत होती, आणि एकटे अण्णा नवी बॅग घेऊन उलट्या दिशेला निघाले होते. पुढच्या वर्षी देशाचंच परकीय चलन आटलं. रिझर्व्ह बँकेनं ४७ टनांच्या आसपास सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं तारण ठेवलं. "त्या टायमाला मी आणि सरकार एकाच लायनीत हुतो," अण्णा सांगतात. "सरकारनं त्याच साली सोडवून घेतलं. आमच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. पण सरकारकडं गिऱ्हाईक मोठं हुतं."

तेव्हापासून जगात कुठंही काही बुडालं की अण्णा सावध होतात. ग्रीस अडचणीत आला तेव्हा तिथले डॉक्टर आणि इंजिनियर जर्मनीला गेले. श्रीलंकेनं २०२२ च्या एप्रिलात परदेशी कर्जफेड थांबवली आणि कोलंबोच्या पासपोर्ट ऑफिसबाहेर माणसं रात्रभर झोपली. बाकीचे लोक "बिचारे" म्हणतात. अण्णाही म्हणतात, पण वही उघडून. "कोलंबोची नर्स इंग्रजी चांगलं बोलती. आता मेलबर्नला आपल्या पोरीच्या म्होरं ती उभी राहणार." परक्या देशाची दिवाळखोरी कळंबा रोडवरच्या कुणाच्या नशिबात किती पॉइंटांचा फरक पाडेल, हे सांगणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना इतकं वाईट वाटून घ्यायला वेळ नसतो.

इतिहासही त्यांना व्हिसाच्या अंगानंच दिसतो. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं, तिथं त्यांची छत्री आहे. अण्णांच्या मते इटलीत आपली वहिवाट लागलेली आहे. शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले ते परत आले, हे मात्र त्यांना थोडं अडचणीचं वाटतं.

पण त्यांचा हुकमी मुद्दा वळिवड्याचा. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियाकडं हाकललेली पोलंडची माणसं इराणमार्गे फिरत फिरत इथवर आली. १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत त्यांची पाच हजारांची वस्ती होती, बहुतेक बायका आणि पोरं. ती गेली आणि त्याच बराकींत फाळणीत उठलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर ते हेच. पोलंडवाल्यांनी वॉर्सात कोल्हापूरच्या नावानं स्मारक उभारलंय, पंतप्रधान २०२४ मध्ये तिथं जाऊन आले. अण्णांना स्मारक नको आहे. "पाच हजार माणसं, पाच वर्षं. आम्ही आयईएलटीएस मागितलं? बँकेत पैसं दाखव म्हटलं? आता त्यांच्याकडं वेल्डर कमी हायत. मग हिशेब करा की." एका पोराच्या पोलंडच्या अर्जाला त्यांनी खरोखरच असं जोडपत्र लिहून दिलं होतं. व्हिसा आला नाही. जोडपत्र परत आलं, त्यावर गोल शिक्का होता. अण्णांनी ते लॅमिनेट केलं.

आणि एके दिवशी पोलंडच दुकानात आलं. पंच्याऐंशीच्या आसपासची एक म्हातारी, काठी टेकत, सोबत नातू आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. छावणीत लहानपण गेलेल्यांपैकी कुणी ना कुणी अधूनमधून येत असतं. हॉटेलला पासपोर्टची प्रत हवी होती. मी तेव्हा आधारकार्डासाठी तिथंच होतो.

अण्णांचं इंग्रजी फॉर्म भरून भरून आलेलं आहे. त्यांनी अदबीनं खुर्ची पुढं केली आणि विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?"

नातू हसला. आजी बघायला आलीय, म्हणाला.

"ड्युरेशन ऑफ स्टे?"

म्हातारीला ते बरोबर कळलं. तिनं पंजा वर केला. "फाइव्ह इयर्स."

अण्णांना एवढं भरून आलं की मशिनवर झाकण टाकायचं राहिलं आणि पहिली प्रत काळीकुट्ट निघाली. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी काउंटरखालून तीन वेल्डरांचे बायोडाटा काढले, त्यावरची धूळ पुसली आणि नातवासमोर ठेवले. वळिवड्याचा हिशेब त्यांनी मराठी, इंग्रजी आणि हातवारे अशा तिन्ही भाषांत मांडला. ड्रायव्हरनं मध्ये मदत केली. नातवानं बायोडाटा नीट वाचले. एकाच्या फोटोकडं बघून चांगला माणूस दिसतो म्हणाला. मग संकोचून त्यानं सांगितलं, की तो पोलंडमध्ये राहतच नाही. डब्लिनला असतो. बहीण लंडनला. २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि त्यांच्या गल्लीतली निम्मी पोरं आयर्लंड-इंग्लंडला गेली.

अण्णा माझ्याकडं वळले. "म्हंजे तिथंबी कोण न्हाई?"

"कामगार पाहिजेत म्हणतायत ते उगंच का?" मी म्हटलं.

अण्णांनी बायोडाटा परत घेतले. थोडा वेळ त्यांनी म्हातारीकडं पाहिलं; ती लॅमिनेट केलेला गणपती निरखत होती. मग त्यांनी लाल वही ओढली, नवीन पान काढलं, पेन्सिलीला थुंकी लावली.

"एज?" त्यांनी नातवाला विचारलं.

"थर्टी थ्री."

अण्णा चुकचुकले. "लास्ट इयर यायचं नव्हं? ऑस्ट्रेलिया, फाइव्ह पॉइंट गॉन." नातू ड्रायव्हरकडं बघायला लागला. ड्रायव्हर म्हणाला, सांगून टाका साहेब, सोडणार नाहीत.

"मॅरीड?"

"नो."

"गुड," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या नावापुढं दहा लिहिले.